नाव मोठे की धाव मोठी?

स्पोर्ट्स कार हा विषय कुटुंबाच्या मासिकात कशाला, असे काही भगिनी म्हणतील. आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात स्कूटर आहे, फार तर एखादी छोटी मोटार. पण ज्या घरात पंधरा ते तीस वर्षांचा मुलगा आहे, त्या घरातल्या आईला विचारून पाहा. कपाटाच्या दारावर कोणत्या गाडीचे चित्र चिकटवले आहे आणि रात्री मोबाइलमधून कोणत्या इंजिनाचा आवाज येत असतो, हे ती अचूक सांगेल. ज्या घरातला मुलगा आखातात नोकरीला आहे, तिथे तर हा विषय चित्रापुरता राहत नाही. ती गाडी तिथे रोज रस्त्यावर दिसते, जुन्या गाड्यांच्या बाजारात आवाक्यात येते, आणि मग दर जुम्म्याला फोनवर वाद रंगतो.

या सदरात आपण सोने निवडण्याबद्दल बोललो, शाळा निवडण्याबद्दल बोललो. या वेळी वेगवान गाडी निवडण्याबद्दल बोलू. धावण्यासाठीच घडवलेली गाडी घेताना तिची धाव पाहायची की तिच्या नाकावरचे नाव? हा प्रश्न गाडी न घेणाऱ्यांच्याही कामाचा आहे, हे पुढे लक्षात येईल.

मराठीत आपण म्हणतो, नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. उर्दूत म्हणतात, ऊँची दुकान, फीका पकवान. दोन्ही भाषा वर्गात शिकवताना मला एक गोष्ट जाणवते. पोकळ नावाला हसणाऱ्या म्हणी दोन्हीकडे भरपूर आहेत. पण जिच्या हातात खरे सोने आहे आणि नाव मात्र साधे आहे, अशा बाईसाठी म्हण पटकन आठवत नाही. मोटारींच्या जगात अशा साध्या नावाची एक गोष्ट आहे. ती १९९० सालची आहे.

होंडा आणि फेरारी

त्या काळी होंडा म्हणजे काय? आपल्याकडे पुण्याच्या कायनेटिकबरोबर आलेली कायनेटिक होंडा स्कूटर. अमेरिकेत कमी पेट्रोल पिणारी, कधी न कुरकुरणारी सिव्हिक मोटार. शर्यतीच्या मैदानावर होंडाचा दबदबा होता. १९८८ साली फॉर्म्युला वनच्या १६ पैकी १५ शर्यती होंडाचे इंजिन बसवलेल्या मॅक्लारेन गाड्यांनी जिंकल्या होत्या. पण दुकानात गाडी घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मनात होंडा म्हणजे काटकसर, हेच बसलेले होते.

या कंपनीने फेरारीच्या बरोबरीने उभी राहील अशी गाडी करायचे ठरवले. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती दाखवली आणि १९९० मध्ये विक्रीला आणली. नाव एनएसएक्स. गाडीचा सांगाडा संपूर्ण अॅल्युमिनियमचा होता. कारखान्यात नेहमीच्या पद्धतीने तयार होणाऱ्या मोटारीत असे पहिल्यांदाच घडत होते. इंजिन ३ लिटरचे, सहा सिलिंडरचे, चालकाच्या पाठीमागे बसवलेले आणि साधारण २७० अश्वशक्तीचे. त्यातले कनेक्टिंग रॉड टायटॅनियमचे होते, त्यामुळे हे इंजिन मिनिटाला ८,००० फेऱ्यांपर्यंत सहज जाई. चालकाला चहूबाजूंनी दिसावे म्हणून काचांची रचना एफ-१६ लढाऊ विमानाच्या कॉकपिटवरून घेतलेली होती. फॉर्म्युला वनचा जगज्जेता आयर्टन सेना याने सुझुकाच्या ट्रॅकवर सुरुवातीचा नमुना चालवला आणि गाडी अजून नाजूक वाटते असे सांगितले. अभियंत्यांनी राग न मानता सांगाडा अधिक भक्कम केला.

त्या काळच्या वेगवान गाड्या हा एक त्रासच असे. क्लच दाबताना पाय दुखायचा, मागचे दिसायचे नाही, वाहतुकीत अडकले की इंजिन तापायचे आणि गाडी रस्त्यावर जितकी असे तितकीच गॅरेजमध्येही. होंडाने वेग तर दिलाच, शिवाय रोज दफ्तरला घेऊन जाता येईल अशी गाडी दिली. किंमत अमेरिकेत ६० हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे त्या वेळच्या फेरारी ३४८ पेक्षा बरीच कमी.

जाणकारांनी ती ओळखली. मॅक्लारेन एफ१ ही त्या दशकातली सर्वांत वेगवान मोटार घडवणारे गॉर्डन मरे यांनी स्वतः लिहिले आहे की, नमुना म्हणून डोळ्यांपुढे ठेवलेल्या फेरारी, पोर्श, लॅम्बोर्गिनी या सगळ्या गाड्या एनएसएक्स चालवल्यावर आपल्या मनातून पुसल्या गेल्या. त्यांनी एक एनएसएक्स विकत घेतली आणि कितीतरी वर्षे वापरली.

आणि बाजारात काय झाले? सुरुवातीला गिऱ्हाइकांची झुंबड उडाली, मग मागणी उतरत गेली. २००५ मध्ये उत्पादन थांबले तोवर पंधरा वर्षांत जगभरात साधारण १८ हजार गाड्या खपल्या. अमेरिकेत तर ती अॅक्युरा या नावाने विकली जाई, आणि ते नावच मुळी १९८६ साली जन्मलेले. साठ हजार डॉलर मोजणाऱ्या माणसाला शेजाऱ्याला काहीतरी सांगायचे असते. फेरारी म्हटले की शेजारी घरातून बाहेर येतो. होंडा म्हटले की तो म्हणतो, "अच्छा, आमच्याकडेही आहे."

पण गोष्ट इथे संपत नाही. १९९१ साली फेरारीची सूत्रे लुका दी मॉन्तेझेमोलो यांच्याकडे आली. आपण स्वतः घेतलेल्या ३४८ ने आपली निराशा केली, रूप सोडले तर तिच्यात फारसे काही नव्हते, हे त्यांनी पुढे उघडपणे सांगितले. १९९४ मध्ये फेरारीने एफ३५५ आणली आणि ती सर्वार्थाने सुधारलेली होती. शेजारी नवे घर नीटनेटके उभे राहिले की जुन्या वाड्यातही अंगण झाडले जाते. जे गिऱ्हाईक नावापलीकडे पाहते, ते स्वतःचा फायदा करून घेतेच, शिवाय नाववाल्यालाही कामाला लावते.

आणखी एक गंमत. आज चांगल्या स्थितीतली पहिल्या पिढीची एनएसएक्स तिच्या मूळ किमतीपेक्षा जास्त भावाने विकली जाते. काम खरे होते, नाव यायला तीस वर्षे लागली.

मोजमाप कोणाचे?

दुसरी गोष्ट निसानची. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये टोकियोच्या प्रदर्शनात निसानने नवी जीटी-आर दाखवली. ३.८ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, दोन टर्बो, ४८० अश्वशक्ती आणि ताकद चारही चाकांना. प्रत्येक इंजिन एकच कारागीर हाताने जोडत असे आणि त्यावर त्याच्या नावाची पट्टी लागत असे. थांबलेल्या स्थितीतून ताशी १०० किलोमीटरचा वेग ही गाडी साडेतीन सेकंदांच्या आसपास गाठत असे. अमेरिकेत तिची किंमत सुरुवातीला ७० हजार डॉलरच्याही किंचित आत होती. त्या वेळची पोर्श ९११ टर्बो तिच्या पावणेदोन पटीच्या घरात होती.

जर्मनीत नुर्बुर्गरिंग नावाचा डोंगराळ ट्रॅक आहे. त्याची उत्तरेकडची फेरी २०.८ किलोमीटरची आहे आणि वेगवान गाड्यांची वार्षिक परीक्षाच जणू तिथे होते. २००८ मध्ये निसानने जाहीर केले की जीटी-आरने ही फेरी ७ मिनिटे २९ सेकंदांत पूर्ण केली. पोर्शचा विश्वास बसेना. त्यांनी स्वतः एक जीटी-आर विकत घेतली, आपला चालक बसवला आणि सांगितले की आमच्या हाती हीच गाडी ७ मिनिटे ५४ सेकंद घेते. निसानने उलट उत्तर दिले की गाडी आमची आहे, ती कशी चालवायची ते आम्हाला माहीत आहे.

परीक्षेच्या पेपरावर दोन परीक्षकांनी वेगवेगळे गुण दिले की आम्ही शिक्षक काय करतो? पेपर स्वतः उघडून पाहतो. इथेही तेच करायला हवे. कंपनीने छापलेला आकडा हेसुद्धा एक प्रकारे नावच असते. चालक कोण होता, टायर कोणते होते, हवा कशी होती, रस्ता ओला होता की कोरडा, यावर काही सेकंद इकडेतिकडे होतात. नावाला भुलू नका असे सांगणारे अनेक जण आकड्याला भुलतात. तेही तितकेच भोळेपण आहे.

जीटी-आर आपल्या देशातही आली. २०१६ च्या डिसेंबरमध्ये तिची दिल्लीतली शोरूम किंमत १ कोटी ९९ लाख रुपये होती. ज्या नावाची मायक्रा आणि सनी आपल्या गल्लीतून फिरत होती, त्याच नावाची दोन कोटींची गाडी! "दोन कोटी देऊन निसान?" असे लोक हसून म्हणत. त्या हसण्यात इंजिनाचा विचार कुठेच नव्हता. तरीही ही गाडी १८ वर्षे बनत राहिली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये शेवटची कारखान्याबाहेर पडली. त्या वेळी तिला निरोप देणाऱ्यांत हसणारे फारसे उरले नव्हते.

नावाचीही एक बाजू असते

आता कोणी म्हणेल, म्हणजे नाव हा सगळा देखावाच का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. फेरारीचा उधळलेला घोडा कोणा जाहिरातवाल्याने टेबलावर बसून काढलेला नाही. पहिल्या महायुद्धातला इटालियन वैमानिक फ्रान्चेस्को बाराक्का याच्या विमानावर ते चिन्ह होते. तो युद्धात मरण पावल्यावर त्याच्या आईने ते एन्झो फेरारी यांना वापरायला सुचवले. त्या घोड्याची शोहरत मैदानावर कमावलेली आहे. फ्रान्समध्ये ल मान येथे सलग २४ तासांची शर्यत होते. १९६० ते १९६५ अशी सहा वर्षे ती ओळीने फेरारीने जिंकली. १९६६ मध्ये फोर्डने पहिले तिन्ही क्रमांक पटकावून ती मालिका तोडली आणि पुढची तीन वर्षेही जिंकली. पण आजही पोरांना विचारा, वेगवान गाडी कोणती? उत्तर फोर्ड येत नाही. एकदा मनात बसलेले नाव सहजासहजी उठत नाही.

या नावाची किंमत फेरारीलाही ठाऊक आहे. २०१३ मध्ये तिने जाहीर केले की आपण मुद्दामच वर्षाला ७,००० पेक्षा कमी गाड्या विकू. दुकानदाराने माल असूनही कमी विकायचे म्हणजे काय? म्हणजे तो गाडीबरोबर आणखी काहीतरी विकतो आहे : ती सगळ्यांकडे नाही, ही भावना. गिऱ्हाइकाने पैसे देताना त्यातले गाडीचे किती आणि त्या भावनेचे किती, एवढे तरी स्वतःला विचारावे.

पोर्श ९११ ची गोष्ट याहून बोधक आहे. १९६३ मध्ये ही गाडी जगापुढे आली तेव्हा तिच्यात एक मोठा दोष होता. इंजिन अगदी मागे, मागच्या चाकांच्याही पलीकडे. वळणावर घाबरून एकदम वेग कमी केला की गाडीची शेपटी बाहेर झेपावायची. कंपनीलाच वाटले की ही रचना बदलावी. १९७७ मध्ये इंजिन पुढे असलेली, आठ सिलिंडरची ९२८ आणली. तिला पुढच्या वर्षाचा युरोपातल्या सर्वोत्तम मोटारीचा किताबही मिळाला. पण गिऱ्हाइकांचे मन ९११ मध्येच अडकलेले. १९८१ साली पीटर शुट्झ कंपनीचे प्रमुख झाले. कार्यालयाच्या भिंतीवर येत्या वर्षांचा तक्ता होता आणि त्यावरची ९११ ची रेघ तिथेच थांबलेली होती. त्यांनी मार्कर उचलला आणि ती रेघ तक्त्याच्या बाहेर भिंतीवर ओढत नेली, अशी आठवण सांगितली जाते. ९२८ चे उत्पादन १९९५ मध्ये थांबले, ९११ आजही बनते.

यात नाव जिंकले असे वरवर दिसते. नीट पाहिले तर वेगळेच दिसेल. ९११ चे अभियंते नावावर झोपले नाहीत. १९६८ मध्ये दोन्ही चाकांमधले अंतर वाढवले, १९७२ मध्ये मागे पंखासारखी पट्टी देऊन शेपटी जमिनीला दाबून धरली, १९८९ मध्ये चारही चाकांना ताकद दिली. टायर, स्प्रिंग, ब्रेक यांच्यात दर पिढीला सुधारणा केली. ज्या रचनेला पुस्तकात दोष म्हणावे, तिच्यातून त्यांनी जगातल्या उत्तम गाड्यांपैकी एक घडवली. नाव टिकले, कारण त्याखाली काम चालू राहिले.

म्हणून मला वाटते, नाव म्हणजे पूर्वी केलेल्या कामाची शिल्लक. बँकेतल्या पासबुकासारखी. वडिलांनी जमा केलेले असते, मुलगा काढत बसतो. काही घरांत मुलगाही भर घालतो. गिऱ्हाइकाने विचारायचे एवढेच, की या पासबुकात शेवटची भर कधी पडली? फेरारी ३४८ च्या काळात शिल्लक काढणे चालू होते, एफ३५५ आली तेव्हा पुन्हा भर पडली. नाव दोन्ही वेळी तेच होते.

शाळेचे उदाहरण घ्या. वीस वर्षांपूर्वीच्या निकालावर शाळेचे नाव गाजत असते. आईवडील त्या नावासाठी रांग लावतात. यंदा सातवीला गणित कोण शिकवणार, हे मात्र शंभरात दोघे विचारतात. मी स्वतः शिक्षिका असल्यामुळे सांगते, तो एक प्रश्न विचारला तर निम्मा निर्णय तिथेच होतो.

घरातला वाद

आता घरचे सांगते. माझा भाचा दुबईत जहाज वाहतुकीच्या कचेरीत नोकरी करतो. आपाचा एकुलता एक मुलगा. नऊ वर्षे त्याने इमानदारीने पैसे साठवले, बहिणीचे लग्न केले, चिपळूणच्या घराचे छप्पर बदलले. आता वय तिशीला आले आणि लहानपणचा शौक जागा झाला. त्याच्यासमोर दोन गाड्या होत्या. जवळपास एकाच किमतीच्या. एक बारा वर्षांची पोर्श केमन, दुसरी चार वर्षांची निसान ३७०झेड.

"खाला," तो म्हणाला, "पोर्शचं चिन्ह पाहिलं की पार्किंगवालासुद्धा सलाम करतो."

त्यातच रिश्त्याची बोलणी चालू होती. मुलीच्या मामूंनी फोनवर सहज विचारले, गाडी कोणती आहे? झाले, आपाने तेवढेच धरून ठेवले. ज्या आपाला पोर्श हा शब्द महिन्यापूर्वी उच्चारता येत नव्हता, ती मला सांगू लागली, "मोठ्या नावाची असू दे गं, माणसं नाव बघतात."

आपाचे म्हणणे मी हसण्यावारी नेले नाही. जिने तुटपुंज्या पैशांत मुले वाढवली, तिला मुलाच्या नावाला चार माणसांत इज्जत मिळावी असे वाटणे स्वाभाविक आहे. मी तिला एवढेच म्हटले, "मामूंना गाडीचं नाव हवंय असं तुला वाटतं. त्यांना खरं विचारायचंय ते हे, की आमची मुलगी तुमच्या घरी निभावेल का? त्याचं उत्तर गाडीच्या चिन्हात नाही. नऊ वर्षांत त्यानं काय काय केलं, ते सांग."

भाच्याशी मात्र मी हिशेबाचे बोलले. नवी असताना पोर्श केमन वळणावर निसानपेक्षा सरस होती, यात वाद नाही. तिचे इंजिन गाडीच्या मधोमध, वजन कमी, तोल उत्तम. सरळ रस्त्यावर ताकद निसानची जास्त. म्हणजे कामाच्या तराजूतही एकच गाडी जड होती असे नाही. पण बारा वर्षांच्या गाडीचे काम म्हणजे कारखान्याने छापलेला आकडा नव्हे. तिची आजची तब्येत हेच तिचे काम. स्प्रिंग सैल झाल्या, रबराचे भाग वाळले, ब्रेकच्या चकत्या झिजल्या, तर ती तीच गाडी राहत नाही. आणि एक गोष्ट जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने लिहून ठेवावी. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. महागड्या नावाची गाडी निम्म्याहून कमी किमतीत मिळाली, तरी ब्रेक, क्लच आणि सर्व्हिसिंगचे बिल मूळ किमतीच्या तोऱ्यातच येते.

त्याने दोन्ही गाड्या एका सुटीच्या सकाळी चालवून पाहिल्या. दोन्ही ओळखीच्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवल्या. संध्याकाळी फोन आला. म्हणाला, "खाला, पहिल्या गाडीत मी दुकानांच्या काचांत स्वतःला बघत होतो. दुसरीत रस्ता बघत होतो."

त्याने निसान घेतली. दोन्हींच्या दुरुस्तीच्या अंदाजात जो फरक होता, तो बाजूला ठेवला. रिश्त्याचे बोलणे अजून चालू आहे. मुलीने स्वतः एकच प्रश्न विचारला : गाडीत मागे बसायला जागा आहे का? जागा नाही. दोन्ही गाड्यांत नव्हती. नाव आणि धाव यांच्या वादात हा तिसरा प्रश्न आम्हा कोणालाच सुचला नव्हता, आणि संसाराच्या दृष्टीने तोच सर्वांत शहाणपणाचा होता.

किती धाव पुरे?

त्या प्रश्नावरून एक विचार पुढे येतो. काम पाहायचे ठरवले, तरी कोणते काम आपल्या उपयोगाचे? १९८९ पासून २००४ पर्यंत जपानी कंपन्यांमध्ये एक अलिखित समजूत होती, की देशात विकायच्या गाडीची ताकद २८० अश्वशक्तीपेक्षा जास्त सांगायची नाही. गाड्यांचा वेगही ताशी १८० किलोमीटरला रोखलेला असे. निसान जीटी-आरला जपानमध्ये तर अशी सोय होती, की उपग्रहाच्या मदतीने गाडीने शर्यतीचा ट्रॅक ओळखला तरच ती मर्यादा उठवता येई. आपल्या समृद्धी महामार्गावर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. ज्याच्याकडे ३०० च्या वेगाची गाडी आहे, तो उरलेल्या १८० चे काय करतो? पुष्कळदा तो ते फक्त सांगतो. न वापरलेली ताकद सांगत फिरणे आणि चिन्ह मिरवत फिरणे, यात मला फार अंतर दिसत नाही.

ज्या शिकागोच्या प्रदर्शनात १९८९ साली एनएसएक्स आली, त्याच प्रदर्शनात हिरोशिमाच्या माझदा कंपनीने एक छोटी, उघड्या टपाची, दोन माणसांची गाडी दाखवली. एमएक्स-५. इंजिन अवघे १.६ लिटरचे, ताकद सव्वाशे अश्वशक्तीच्याही आत. आजच्या एखाद्या घरगुती मोटारीनेही तिला सरळ रस्त्यावर मागे टाकावे. पण वजन एक टनाच्या आत, ते पुढच्या-मागच्या चाकांवर जवळपास सारखे वाटलेले, ताकद मागच्या चाकांना. हलके दप्तर पाठीवर असलेला मुलगा जिना कसा भराभर चढतो आणि वळणावर कसा भोवऱ्यासारखा फिरतो, तशी ही गाडी. माझदाचे लोक यासाठी घोडा आणि स्वार एक होणे या अर्थाचा जपानी शब्द वापरतात. फार मोठे नाव नाही, फार मोठा आकडाही नाही. तरी २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या बनल्या. दोन आसनांच्या स्पोर्ट्स कारमध्ये ही जगात सर्वांत जास्त खपलेली गाडी आहे. दहा लाख माणसांनी शेजाऱ्याला विचारले नाही, कंपनीच्या आकड्यालाही विचारले नाही. वळणावर स्टिअरिंग हातात धरून पाहिले आणि ठरवले.

घेण्याआधी चार प्रश्न

तरुण वाचकांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी चार प्रश्न देते. गाडीच्या जागी मोबाइल, कॉलेज किंवा फ्लॅट ठेवला तरी ते लागू पडतात.

पहिला, या गाडीवरचे चिन्ह झाकले तर मी याच किमतीला ती घेईन का? उत्तर नाही असेल तर नावाचे किती पैसे देतो आहोत ते कळते. ते जाणूनबुजून देण्यात गुन्हा नाही. चांगल्या नावाची गाडी विकताना भावही बरा येतो. पण न कळता देऊ नयेत.

दुसरा, या नावाच्या पासबुकात अलीकडे भर पडली आहे का? आजोबांच्या शर्यतींवर नातवाच्या गाडीचे मोल ठरवू नका. आणि होंडासारखे साधे नाव असेल, तर केवळ साधे आहे म्हणून पाठ फिरवू नका.

तिसरा, हा आकडा कोणी मोजला आणि मी तो कुठे वापरणार? मोजणारा आणि विकणारा एकच असेल तर स्वतः चालवून पाहा. आपल्या रस्त्यावर, आपल्या वेगाने, आपली माणसे सोबत बसवून.

चौथा, घेतल्यानंतरच्या तीन वर्षांचा खर्च माझ्या पगारात बसतो का? टायर, ब्रेक, विमा, सर्व्हिसिंग, सगळे धरून. गाडी विकत घेण्याची ऐपत आणि गाडी पोसण्याची ऐपत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लोक नाव पाहतात हे खरे आहे. सिग्नलला थांबलेली गाडी ते दहा सेकंद पाहतात, मग हिरवा दिवा लागतो आणि जो तो आपल्या वाटेने जातो. त्यानंतरचे सगळे किलोमीटर तुमचे आणि त्या गाडीचे असतात. त्या किलोमीटरांचा हिशेब करून गाडी निवडा.